माणशी चार लिटर

सोसायटीच्या फळ्यावर नेहमीचंच वाक्य:
गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने.
पण या खेपेला खाली कुणीतरी पेनाने लिहिलंय,
मोठी लाईन बदलतायत, शनिवारही धरा.

यांनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं
आणि वर येऊन नवी वही काढली.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस.
हातात पट्टी आली की मला कळतं,
आता रकाने पडणार.

माणशी चार लिटर. दोन पिण्याचे,
दोन स्वयंपाकाचे नि चूळ भरायचे.
आम्ही दोघं, निखिलेश, क्षिप्रा, ओजस.
पाच गुणिले चार गुणिले तीन दिवस.
"ओजस अर्धाच आहे," मी म्हटलं.
"अर्धा माणूस जास्त सांडतो."

बुधवारी जुन्या बाजारात निळं पिंप बघितलं.
यांनी झाकण काढून नाक आत घातलं.
"यात आधी काय होतं?"
"आंब्याचा रस हो काका."
"कुठल्या कारखान्यातला आंबा?" म्हणाले,
आणि आम्ही रिकाम्या हाताने धायरीला परत आलो.

मग माळ्यावरून लग्नातलं घंगाळ उतरलं,
इडलीचं पातेलं, डाळ काढून डाळीचे डबे,
कुकरसुद्धा, शिट्टीशिवाय.
प्रत्येकावर कागदाची पट्टी, वर तारीख:
पिण्याचे. वापरायचे.
वॉशिंग मशिनच्या बादलीवर
फक्त संडास, आणि फक्तखाली दोन रेघा.
जो आधी भरला तो आधी संपवायचा,
हे क्षिप्राला दोनदा समजावलं.
तिने दोनदा मान हलवली.

हौसाताई भांडी घासायला आली,
दारातच थांबून सगळं बघितलं.
"गॅलरीतले जार आत घ्या, उन्हानं शेवाळ धरतं,"
एवढंच बोलली आणि पदर खोचला.
यांनी जार आत घेतले,
वहीत सहावी ओळ आखली: हौसाताई, चार.
साठाचे बहात्तर झाले.

एकच फोन राहिला होता.
"उद्या बंद आहे. तुमची टाकी किती हजारांची?"
डायलिसिसवाली मुलगी हसली असावी,
कारण हेही जरा हसले.
"काका, टँकर सांगून ठेवलाय, तुम्ही वेळेवर या."
ते त्यांनी पेन्सिलीने लिहिलं.
टँकर येईस्तोवर पेन्सिलच.

आणि मला दिसली ती पहिली ओळ.
स्वतःच्या नावापुढे चार लिटर.
डॉक्टरांनी दिवसाला आठशे मिली दिलंय,
चहा धरून, आमटीचं पाणी धरून.
ओट्यावरच्या छोट्या बाटलीला
मीच लाल दोरा बांधलाय, तिथवरच.
संध्याकाळी नडगीवर बोट दाबते,
खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते बघते.

"तुम्हाला चार कशाला?"
त्यांनी वही माझ्याकडून ओढून घेतली.
"हिशेबात माणूस पूर्ण धरायचा असतो."
"आणि उरेल ते?"
"ते शिल्लक. शिल्लक कुणाच्या नावावर नसते."

रात्री दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही.
रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड
घंगाळातून छतावर गेलाय आणि तिथे हलतोय.
बहात्तर लिटर शांत उभे आहेत.
त्यांच्यामधून हे चालत जातात,
एकही भांडं वाजत नाही,
फ्रीजचं दार उघडतं.

बर्फाचे सहा खडे म्हणजे एक वाटी.
वाटी रोजची ठरलेली आहे.
अंधारात दाताखाली बर्फ कडकन मोडतो.
पाचवा.
थोड्या वेळाने, सहावा.
मग पुन्हा फ्रीजचं दार.
मी कूस बदलली, पलंग करकरला,
त्या आवाजात मला
काही ऐकू आलं नाही.